सदर भाषा अवगत नाही

फुलसिंगा,

मंगळवारी तुझ्या नावाचं कार्ड आलं. तुला जाऊन तेव्हा तीन दिवस झाले होते. टपालाची थैली ओसरीवर, म्हणजे गावाच्या पोस्टात, पालथी केली तर बँकेची दोन पाकिटं, एक विम्याची नोटीस आणि सगळ्यात खाली ते कार्ड. पत्ता तुझा, अक्षर कुणा शाळकरी पोराचं, तांडा आदिलाबादकडचा. मी सवयीनं ठसा मारला आणि सवयीनंच हाक मारायला तोंड उघडलं, कारण त्या वेळेला तू ओसरीच्या खांबाला टेकून बसलेला असायचास.

शाळेत शोकसभा घ्यायची म्हणून पोरांनी तुझ्याबद्दल चार ओळी मागितल्या होत्या. एसटीत इतकी वर्षं गाडी चालवली, कधी अपघात नाही, लेकीला शिकवलं, असं सगळं. ते त्यांना लिहून दिलं. पाटीवर लावतील, फुलं वाहतील. हे मात्र तुला लिहितोय. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय, आणि त्यातला माझा वाटा मी तुला कधी सांगितलाच नाही. जिवंतपणी धीर झाला नाही. आता तू मधेच तोडणार नाहीस, एवढाच काय तो फायदा.

तुझं ते वेड निवृत्तीनंतरचं. हिंगोलीहून नांदेडकडं गाडी नेताना तू जिथं जिथं चहाला थांबायचास तिथं तिथं जुनी विहीर नाहीतर बारव आहे, हे तुझ्या ध्यानात आलं. घरी येऊन म्हाताऱ्या फुवाला, तुझ्या आत्याला, विचारलंस, तर ती म्हणाली की आपल्या लदेणीचे मुक्काम तेच. लदेणी म्हणजे पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांचा तांडा, मीठ आणि धान्य घेऊन मुलूखभर फिरणारा. हे तू मला इतक्या वेळा समजावलंस, जणू मी परमुलखातून आलो होतो. अरे, माझं अर्धं लहानपण तुमच्या तांड्यात गेलं. तुमची बोली मला माझ्या आईच्या बोलीइतकीच यायची. तुझी याडी माझीही आईच; दोघांना शेजारी बसवायची आणि भाकर तुझ्याआधी मला वाढायची, त्यावरून तू रुसायचास. हे लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

मग तू कार्डं लिहायला लागलास. तेलंगणातले, विदर्भातले, कर्नाटकातले तांड्यांचे म्हातारे नायक, म्हणजे म्होरके, शोधून काढायचे आणि त्यांना तुमच्या बोलीत, देवनागरी अक्षरात विचारायचं की तुमचे बैल कुठल्या वाटेनं गेले, पाणी कुठं पाजलं. फोन कर म्हटलं तर म्हणायचास, फोनवरचं बोलणं हवेत जातं. कार्ड आलं की म्हातारे नातवंडांना बसवून चारदा वाचून घेतात आणि मग आढ्यात खोचून ठेवतात. एकदा मी म्हणालो, निदान पाकिटात घालत जा. तू माझ्याकडं पाहून हसलास.

"काहून? चोरीचं हाय का काई? वाचू दे की ज्याला वाचायचं त्याला."

मी ती कार्डं वाचायचो. कार्ड उघडंच असतं, डोळा पडतोच. आणि तुझ्या नकाशाची मला गोडीही लागली होती, हे कबूल करतो. मोठ्या खाकी कागदावर तू पेन्सिलीनं वाटा काढायचास, मुक्कामाला गोल, विहिरीला फुली. शिरड शहापूरकडून येणारी वाट सिद्धेश्वरपाशी आली की पुसट व्हायची, कारण पुढं पूर्णेचा उतार होता, आणि आता तिथं धरणाचं पाणी आहे. नदी नेमकी कुठं ओलांडायचे हे इकडं कुणालाच सांगता येईना. ज्यांना माहीत होतं ते धरणाच्या आधीच आदिलाबादकडं निघून गेलेले. तेवढी एक वीतभर रेघ राहिली होती तुझी.

म्हणून तू ती सात कार्डं लिहिलीस. सातही एकसारखी. वर ठळक अक्षरात 'फौजेरी लदेणी'. तुझा पणजा हैदराबादच्या फौजेला धान्य पोचवायचा, त्या तांड्याचं हे नाव. खाली प्रश्न. धरणाखाली उतार कोणत्या बाजूला होता? पाणी किती खोल? एका वेळेला किती जण उतरायचे? माल कुठं पुरून ठेवायचे?

आज हे प्रश्न उतरवताना ते पोलिसाच्या डोळ्यांना कसे दिसतील ते कळतं. तेव्हा कळलं नव्हतं. तेव्हा मला त्यात फक्त बैल दिसत होते.

त्याच उन्हाळ्यात ती बातमी आली. लांब कुठंतरी निष्पाप माणसं मारली गेली आणि टीव्ही दिवसभर ओरडायला लागला. आमचा धाकटा फौजेत, त्याचा फोन आठ दिवस लागला नाही. माझी बायको जेवत नव्हती. हे मी सुटका करून घ्यायला सांगत नाही, पण भीती खरी होती, फुलसिंगा, ती कुणी पैसे देऊन आणली नव्हती. मग कुणीतरी मोबाइलवर टाकलं की धरणावर ड्रोन फिरला. मग पाण्यात विष टाकणार आहेत असं आलं. भोयांना जाळी टाकायची बंदी झाली. चादरी विकणारा एक म्हातारा दरवर्षी यायचा, त्याला पोरांनी पारावर बसवून ठेवलं आणि त्याच्या चादरी एकेक उलगडून पाहिल्या. त्यातली एक मीही उलगडली. आत काही नव्हतं. घडी मात्र मला पहिल्यासारखी घालता आली नाही. तो गठ्ठा बांधून निघून गेला, आणि त्यानंतर आलाच नाही.

मग ग्रामसभा. कधी नव्हे ती गच्च भरली. सुरक्षा समिती करायची, वही ठेवायची, गावात येईल त्याचं नाव, कुणाच्या घरी आला, किती दिवस राहणार, फोन नंबर. आणि तांड्यावरच्या लोकांनी ऊसतोडीला जाताना आणि परत येताना कळवायचं. पाहुण्यांचं कलम सगळ्या गावाला होतं, हे शेवटचं फक्त तांड्याला. ते तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. सगळ्यांचे हात वर झाले. माझाही झाला. तुझा झाला नाही, आणि तू उभा राहिलास.

"माझ्या आज्याची चौकीत हजेरी लागत व्हती," म्हणालास. "दुसऱ्या गावाला लग्नाला जायचं तर चिठ्ठी घ्यावी लागत व्हती. गुन्हा कायच न्हाई, लमाणाच्या पोटी आला एवढाच. ते बंद झालं तवा त्यानं गूळ वाटला म्हणे. तुमी आता पुन्हा तीच वही उघडून राहिले."

मागून एक जण म्हणाला की देशापुढं आजा-पणजा काढायचा का. टाळ्या पडल्या. तू खाली बसलास. तुझ्या शेजारची दोन माणसं जरा सरकली, ते मी पाहिलं, आणि मी तिथं जाऊन बसलो नाही.

आपलं भांडण झालं ते दुसऱ्या दिवशी, ओसरीवर. मी म्हणालो, ज्याच्या मनात काही नाही त्यानं भ्यायचं कशाला? चार दिवसांचा प्रश्न आहे, सगळं निवळलं की वही बंद. माझं लेकरू तिकडं बंदूक घेऊन उभं आहे आणि तुला नाव सांगायला तकलीफ होते? आवाज चढला होता माझा. आतून बायको बाहेर आली होती.

तू शांतपणे चहाची बशी खाली ठेवलीस. "मास्तर, तुझं मन तुझ्यापाशी हाय. वही त्यांच्यापाशी राहनार."

मी म्हणालो, तू फाटे फोडतोस. तू म्हणालास, बराबर. आणि उठून गेलास. ते भांडण तिथंच थांबलंय. त्याला पुढचं वाक्य तू कधी दिलं नाहीस आणि मी कधी मागितलं नाही.

आता माझा वाटा.

त्यानंतर दोन दिवसांनी ठाण्यातून साहेब आले. साध्या कपड्यात, हसतमुख. धाकट्याची चौकशी केली, बायकोच्या हातचा चहा घेतला, अभिमान वाटतो म्हणाले. मग सहज विचारल्यासारखं विचारलं की तांड्यावरून परराज्यात कार्डं जातात का. मी म्हणालो, जातात. जरा बाजूला ठेवत चला, म्हणाले, बघून लगेच परत देऊ, चार दिवसांचा प्रश्न आहे. माझेच शब्द, फुलसिंगा. बहुतेक सगळा मुलूख त्या दिवसांत तेच बोलत होता.

टपालाचं एकच काम असतं. ज्याच्या नावाचं आहे त्याच्या हातात द्यायचं, मधे कुणाच्या नाही. कायद्यानं मागायचं तर त्याला कागद लागतो. हे मला नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवलं होतं आणि मी ते पुढं कित्येकांना मोठ्या ऐटीत ऐकवलं होतं. पाटलाच्या पोरीचं पत्र पाटलानं मागितलं तेव्हा मी दिलं नव्हतं, आठवतं? तू तेव्हा गावभर सांगत सुटलास की आपला मास्तर वाघ आहे. साहेबांकडं मी कागद मागितला नाही. त्यांनी तोंडी सांगितलं, आणि मी व्हय म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तू सात कार्डं आणलीस. मी तुझ्या देखत ठसे मारले. सात ठसे. तू समाधानानं पाहत होतास. तू गेल्यावर ती थैलीत घालायच्याऐवजी मी ड्रॉवरमधे ठेवली, आणि संध्याकाळी साहेबांचा माणूस ती घेऊन गेला.

चौथ्या दिवशी तुला नेलं. जीप तांड्यावर गेली तेव्हा पंच म्हणून मला सोबत घेतलं, गावातला जाणता माणूस म्हणून. खाकी कागदाचा नकाशा तुझ्या पेटीतून निघाला. धरण, पूल, रस्ते, फुल्या, गोल. तू अंगणात उभा होतास आणि वहिनी दारात. साहेबांनी कार्ड माझ्यापुढं धरलं. 'फौजेरी' शब्दावर त्यांचं बोट होतं.

"मास्तर, ही भाषा येते तुमाला?"

तू माझ्याकडं पाहिलं नाहीस, तू वहिनींकडं पाहत होतास. तुला वाटलं असेल की आता मास्तर हसेल आणि म्हणेल, साहेब, हे बैलांचं आहे. एक वाक्य होतं ते. ते म्हणायला धाडससुद्धा लागत नव्हतं, नुसतं तोंड उघडायचं होतं. पण मला धाकटा आठवला, आणि सरकलेली ती दोन माणसं आठवली, आणि आता आपल्यापासूनही लोक सरकतील असं वाटलं.

"न्हाई साहेब," मी म्हणालो.

लिहिणारानं लिहिलं, 'पंचांना सदर भाषा अवगत नाही.' मी खाली सही केली. माझी सही तुला माहीत आहे, ठसठशीत. त्या दिवशीही ती हलली नाही.

अकरा दिवसांनी तू परत आलास. काही सिद्ध झालं नव्हतं आणि काही मिटलंही नव्हतं. नकाशा, कार्डं, मोबाइल तपासाला गेले, ते आजपर्यंत तपासालाच आहेत. आणि दर सोमवारी ठाण्यात येऊन सही करायची, पुढचा हुकूम होईपर्यंत. ज्या माणसानं आज्याची हजेरी सभेत काढली होती त्याची हजेरी सुरू झाली.

चौदा महिने. सोमवारी सकाळी तू स्वच्छ पांढरा शर्ट घालून फाट्यावर उभा राहायचास, एसटी चालवायला जाताना घालायचास तसा इस्त्रीचा. बाजाराला जाणाऱ्या बाया जीपमधे तुझ्याशेजारी बसायच्या नाहीत. कधी तासात सही घ्यायचे, कधी दुपार करायचे. आणि येताना तू सरळ माझ्या ओसरीवर यायचास. मी म्हणायचो, काय म्हणतात? तू म्हणायचास, चाललंय. मग आपण पावसाबद्दल बोलायचो, सोयाबीनबद्दल, गुडघ्याबद्दल. दर सोमवारी वाटायचं की आज सांगून टाकावं. दर सोमवारी मी आतून चहा मागवला.

तुला एक गोष्ट सांगतो, जी मला तेव्हा नुसती टोचायची. तू परत आल्यापासून माझ्याशी मराठीतच बोलायला लागलास. साठ वर्षं आपण दोघंच असलो की तुमच्या बोलीत बोलायचो, शिव्यासुद्धा तिच्यातच द्यायचो. ते एकदम थांबलं. वहिनीही मला 'भिया' म्हणायच्या, त्या 'भाऊ' म्हणायला लागल्या. मला वाटलं, घाबरलीत बिचारी, चारचौघांत आपली भाषा नको म्हणत असतील. बघ किती हुशार आहे तुझा मास्तर.

मधल्या काळात टीव्ही दुसऱ्या गोष्टींवर ओरडायला लागला. धाकटा सुट्टीवर येऊन गेला. धरणावर ना ड्रोन दिसला ना विष. भीती ओसरली तशी लोक ती विसरूनही गेले. पण वही बंद झाली नाही. ग्रामपंचायतीत जाड पुठ्ठ्याची दुसरी वही आली, पहिली भरली म्हणून. माझ्या मेव्हण्याचं नाव गेल्या महिन्यात तिच्यात लिहिलं गेलं, दोन दिवस राहिला तर. लिहिणारं पोरगं मला म्हणालं, रीत आहे मास्तर. चौदा महिन्यांत तिची रीत झाली. भोयांना अजून पहाटे जाळी टाकता येत नाहीत, आणि कुणाला विचारायचं तेच त्यांना कळत नाही, कारण बंदी कुणी घातली हे आता कुणालाच आठवत नाही.

आणि तू शनिवारी गेलास. सोमवारचा शर्ट इस्त्री करून खुंटीला होता.

तर ते कार्ड. तुझ्या नावाचं काहीही आलं तर ठाण्यात द्यायचं, हे तोंडी फर्मान अजून होतंच. तू गेल्यानं ते संपतं की नाही हे कुणी सांगितलं नव्हतं. मी ते कार्ड ड्रॉवरमधे ठेवलं. हो, त्याच ड्रॉवरमधे. दोन दिवस तिथं होतं. मी वाचलंही नाही, आयुष्यात पहिल्यांदा कार्ड पालथं ठेवलं. गुरुवारी सकाळी बायको झाडताना म्हणाली, "त्यायचं टपाल त्यायच्या घरी काहून देत न्हाईत तुमी?" तिनं सहज विचारलं असेल. मी चपला घातल्या.

वहिनी अंगणात बाजेवर होत्या. मी कार्ड पुढं केलं आणि उभाच राहिलो. मग बोललो. चौदा महिने साठवलेलं सगळं बोललो, कार्डं मीच दिली, भाषा येत नाही म्हणालो, सगळं. त्या ऐकत राहिल्या. मला वाटलं रडतील, हाकलून देतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"त्यायला म्हाईत व्हतं, भाऊ," म्हणाल्या.

ठाण्यात पहिल्याच दिवशी तुझ्यापुढं ती सात कार्डं मांडली होती म्हणे. तू ती हातात घेतलीस. सगळ्यांवर माझा ठसा होता आणि पुढच्या ऑफिसचा एकावरही नव्हता. म्हणजे कार्डं माझ्या घरातून निघालीच नव्हती. इतकी वर्षं माझ्या ओसरीवर बसून टपाल कसं जातं ते पाहिलेला माणूस तू, तुला दुसरा पुरावा कशाला लागेल? आणि पंचनामा तर तुला वाचूनच दाखवला होता. परत येऊन तू वहिनींना एवढंच सांगितलंस की मास्तरला आपली भाषा येत नाही असं कागदावर आहे, तर आपण त्याच्याशी मराठीत बोलायचं. त्याला खोटं पाडायचं नाही.

फुलसिंगा, मी तिथं जमिनीवर बसलो. तू मला शिव्या द्यायला हव्या होत्यास. गावासमोर कॉलर धरायला हवी होतीस. त्याऐवजी तू दर सोमवारी तिथली सही करून माझ्या ओसरीवर आलास, माझा चहा प्यायलास, आणि माझं खोटं माझ्यासाठी सांभाळलंस. ती दया होती की शिक्षा, मला अजून ठरवता येत नाही. तू असतास तर म्हणाला असतास, बराबर.

मग मी वहिनींना कार्ड वाचून दाखवलं. मोठ्यानं, तुमच्या बोलीत. पहिल्या ओळीला जीभ अडखळली, मग आठवत गेलं. त्या सात कार्डांच्या आधीच्या तुझ्या एका जुन्या कार्डाचं उत्तर होतं ते, कुणा म्हाताऱ्यानं दीड वर्षानं नातवाकडून लिहवून घेतलेलं. त्यात काय होतं ते शेवटी सांगतो. मी वाचत गेलो तशा वहिनी रडायला लागल्या, तुमच्याकडच्या बाया रडतात तशा, शब्दांनी आणि लयीत, तुझं नाव घेऊन. शेजारपाजारच्या बाया आल्या आणि त्यांच्या गळ्यात पडल्या. उठताना वहिनींनी माझ्या हाताला धरलं.

"भिया," म्हणाल्या.

त्या एका शब्दावर मी सोमवारी ठाण्यात गेलो. तुझ्याच जीपनं, तुझ्याच वेळेला. साहेब आता नवीन आहेत, तरुण, बोलायला सभ्य. बसा म्हणाले. मी सांगितलं की मला जबाब द्यायचाय, पंचनाम्यात माझ्याबद्दल चुकीचं लिहिलंय, सदर भाषा मला येते. त्या कार्डांत बैलांची वाट विचारली आहे, दुसरं काही नाही. त्यांनी जुनी फाइल मागवली, माझी सही पाहिली, बराच वेळ पाहिली.

"मग तेव्हा खोटं बोललात, की आता बोलून राहिलात?"

"तेव्हा," मी म्हणालो.

"नोकरी किती राहिली?"

"दीड वरीस."

"आणि पोरगा फौजेत हाय तुमचा." हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी फाइल मिटली. जबाब लिहून घ्यायला वरून परवानगी लागेल, म्हणाले. तोवर सोमवारी येत चला, सही करून जा, चार दिवसांचा प्रश्न आहे. आवाजात काही नव्हतं, ना राग ना दम. मला भीती वाटली ती त्याचीच.

शिपायानं हजेरीची वही उघडली. तुझं नाव होतं, आणि पुढं गेल्या सोमवारचं 'गैरहजर' लिहिलेलं. आजच्या रकान्यातही त्यानं माझ्यासमोर तेच लिहिलं. मी म्हणालो, अहो, तो वारला. तो म्हणाला, दाखला आणा, तोवर असंच लिहावं लागतं. मग तुझ्या नावाखालच्या ओळीत त्यानं माझं नाव लिहिलं आणि पेन दिला. या वेळी सही हलली.

तोवर साहेब बाहेर गेले होते, ते येईपर्यंत मला थांबायला सांगितलं. बाकावर तुझी जागा खिडकीकडची, हे शिपायानंच सांगितलं. मी तिथं बसलो. समोर भिंतीवर घड्याळ आहे, बंद. चौदा महिने तू ते पाहत होतास आणि ओसरीवर येऊन मला पाऊसपाणी विचारत होतास. दुपारपर्यंत बसलो. घरी आलो तेव्हा बायकोनं विचारलं, काय म्हणतात? मी म्हणालो, चाललंय. आणि तुझा हा शब्द आपल्या तोंडात कसा बसतो ते मला कळलं.

कार्ड मी त्यांना दिलं नाही. त्यांनी विचारलंही नाही, पण विचारतील. ते वहिनींनी आढ्यात खोचलंय.

आता तुझं टपाल तुला देतो. उतार म्हसोबाच्या दगडाच्या वरच्या अंगाला होता, नदी वळते तिथं. पाणी बैलाच्या पोटापर्यंत. आधी म्हातारे बैल घालायचे, कारण त्यांना तळ ठाऊक असायचा, आणि नायक सगळ्यात शेवटी उतरायचा. तुझ्या पणजाच्या लदेणीतला एकही बैल तिथं कधी वाहून गेला नाही, असं लिहिलंय.